बर्फातल्या फुलाचं पान

पिंपळाच्या पानाला पिंपळाचं पान म्हटलं म्हणून शून्य मार्क देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या नांदुऱ्याच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. म्हणजे काचा धुवायच्या, बाटल्यांत स्पिरिट भरायचं, सकाळी गावाबाहेर फिरून प्रॅक्टिकलला लागणारा पाला आणायचा आणि मग सर तो पाला कसा बघतात ते दिवसभर बघत बसायचं. बावीस वर्षं मी हे केलं. सरकारनं मला पगार दिला तो बहुतेक या बघण्याचाच दिला असावा.

पिंपळाची गोष्ट खरी आहे. परीक्षेत त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक पिंपळाचं पान ठेवलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही जे पान कळतं, ते. पोरं खूश झाली. पहिल्याच ओळीत सगळ्यांनी ‘पिंपळ’ लिहिलं आणि खाली जमेल तसं वर्णन केलं. सरांनी अख्खी बॅच गारद केली. दुसऱ्या दिवशी एका पोराचे वडील आले. धान्याच्या अडतीवर कामाला होते, अंगावर भुसा तसाच होता.

"सर, माह्या पोरानं पिंपळ वळखला. मंग त्याचं चुकलं काय?"

"ओळखला," सर म्हणाले, "पण पाहिला नाही. नाव लिहिल्यावर माणूस बघायचं थांबतो. वर्णन आधी, नाव नंतर."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. ते बिचारे जिना उतरताना मला म्हणाले, "हे घरी बी असंच करतात काय? आधी पोळीचं वर्णन, मंग जेवन?" मी म्हणालो, हाव, तसंच करतात. आणि ते फारसं खोटं नव्हतं.

प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग घेऊन हा माणूस लग्नाला आला होता. पंगत बसली, पळसाच्या पत्रावळी आल्या. वाढपी भात घेऊन उभा, आणि सर पत्रावळ उलटी करून तिच्या शिरा बघतायत. शेजारच्या पाहुण्याला सांगतायत की ही जी तुम्हाला तीन पानं वाटतात ते एकच पान आहे, तीन दलांचं. मधलं दल मोठं, बाजूची दोन तिरपी. पाहुणा म्हणाला, "हाव काय?" आणि पत्रावळ घेऊन पलीकडच्या ओळीत गेला. सरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना कशाचंच काही वाटत नसे.

माणसांचंही ते असंच करायचे. प्राचार्यांबद्दल एकदा म्हणाले, "टोक बोथट, काठ अखंड, पृष्ठभाग गुळगुळीत." ऑफिसातल्या मोठ्या बाबूंबद्दल, "मूत्रपिंडाकृती, देठ आखूड." मी खोदून विचारलं की सर, मी कसा? ते भिंग पुसत म्हणाले, "तुम्ही करवती काठाचे. दात सगळे एकाच दिशेला." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

आता मी सांगतो ते माझ्या जागेवरून. मी पिंपळगाव राजाचा, माळ्याच्या घरातला. रांगायला लागलो तो वांग्याच्या वाफ्यात. कोणतं पान कशाचं हे मला कोणी शिकवलं नाही, जसं आई कोणती हे कोणी शिकवत नाही. आणि हा माणूस, ज्याला भाजीबाजारात आंबटचुका आणि पालक यांत फरक करायला दहा मिनिटं लागायची, तो मला पान कसं बघायचं ते शिकवणार. एकदा मी आणलेल्या एका रोपाच्या चिठ्ठीवर माती कोणती ते लिहायचं राहिलं. चिठ्ठीवर रकाने असायचे: वर्णन, नाव, ठिकाण, माती, तारीख, संग्राहक. संग्राहक म्हणजे ज्यानं ते रोप हातानं तोडलं तो. सरांनी रिकामा रकाना पाहिला आणि मला दुपारच्या बसनं परत पिंपळगावला धाडलं, माती बघून यायला. मी गेलो, घरी जेवलो, झोपलो आणि येऊन सांगितलं, काळी. तिकडे काळीशिवाय दुसरी माती आहेच कुठं? त्यांनी समाधानानं लिहून घेतलं, काळी.

हे सगळं आपल्या पिंपळावर आणि पळसावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण सरांचा खरा जीव होता एका विलायती फुलावर. स्नोड्रॉप त्याचं नाव. थंड मुलखात बर्फातून वर येतं, वीतभर उंच, मान खाली घातलेलं पांढरं फूल. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. सरांनी ते फूल जन्मात पाहिलं नव्हतं. खामगावच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना मुखपृष्ठ फाटलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं आणि त्यात या फुलाच्या पानांवर अख्खं प्रकरण होतं. फुलावर नाही, पानांवर. त्या पुस्तकाचं म्हणणं असं की या फुलाच्या जाती फुलावरून ओळखायला जाल तर फसाल. पानं जमिनीतून निघतात तेव्हा मुळाशी ती एकमेकांत कशी मिटलेली असतात ते बघा.

झालं. सरांना आयुष्यभराचं काम मिळालं. त्यांनी त्या मिटण्याच्या तीन तऱ्हांना मराठी शब्द तयार केले. दोन पानं हात जोडल्यासारखी सपाट एकमेकांना टेकलेली असतील तर ते ‘सपाटजोड’. तशीच टेकलेली पण काठ मागे दुमडलेले असतील तर ‘कडमोड’. आणि एका पानानं दुसऱ्याला कवेत घेऊन गुंडाळलं असेल तर ‘कवगुंडी’. या तिसऱ्या शब्दावर पोरं तुटून पडली. कॉलेज सुटेपर्यंत कोणी त्यांना सर म्हणेना, सगळे कवगुंडी म्हणत. मीही म्हणत असे, अर्थात त्यांच्या माघारी.

रेषाकृती कशाला म्हणायचं आणि पट्टाकृती कशाला, यावर त्यांनी एक वही भरली. पानाच्या टोकाच्या तऱ्हांवर दुसरी. बर्फातल्या फुलाच्या पानांची परिभाषा, नांदुऱ्यात बसून, घाम पुसत. ती त्यांनी परिभाषेच्या कुठल्याशा समितीकडे पाठवली. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं की सदर वनस्पती राज्यात आढळत नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस ताळ्यावर येईल. सर चिठ्ठी घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "वनस्पती नसेल आढळत. पानं तर आढळतात."

मग एक जुना विद्यार्थी परदेशातून आला आणि त्यानं मोज्यात गुंडाळून तीन कंद आणले. लसणाच्या गड्ड्याएवढेही नाहीत. सरांनी डिपार्टमेंटच्या फ्रिजमधल्या स्टाफच्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या आणि तिथं तीन कुंड्या ठेवल्या. एप्रिल महिना. रसायनशास्त्राचे लोक गार पाण्यासाठी आमच्याकडे यायचे ते रिकाम्या हातानं परत जायला लागले. पंधरा-वीस दिवसांनी एका कुंडीत नखाएवढं हिरवं टोक आलं. सर दर तासाला फ्रिज उघडून भिंग लावायचे. "जरा मोठं होऊ दे, मुळाशी कसं मिटलंय ते दिसेल." मे महिन्यात दीड दिवस वीज गेली आणि तिन्ही कंद कुजले. आख्ख्या डिपार्टमेंटला वास येत होता. ते नखाएवढं टोक त्यांनी परीक्षानळीत स्पिरिटमध्ये घालून कपाटात ठेवलं आणि नळीवर चिठ्ठी लावली. चिठ्ठीत वर्णनाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अद्याप मिटलेले’. हे मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं आणि ऐकणारा दरवेळी हसला.

बाजाराचीही एक गोष्ट मी सांगायचो. एका पावसाळ्यात सरांना काय सुचलं कोणास ठाऊक, ते दर बाजाराच्या दिवशी नेमानं भाजीबाजारात जायला लागले. घ्यायचं काही नाही. रानभाजी विकणाऱ्या बायांच्या पुढ्यात उकिडवं बसायचं, जुडी उचलायची, मुळाकडून पानं फाकवायची, भिंग लावायचं, परत ठेवायची आणि पुढच्या पाटीकडे. बाया वैतागल्या. "घ्याचं असन त घ्या, उगंच माल काऊन चिवडून राह्यले?" एकीनं तर पाण्याचा गडवा त्यांच्या धोतरावर रिकामा केला. धोतर म्हणजे, ते पँटच घालायचे, पण मी गोष्ट सांगताना धोतर म्हणत असे, जास्त हशा मिळायचा. ओली पँट झटकत ते पुढच्या पाटीकडे गेले, एवढं मात्र खरं. पाऊस संपेपर्यंत त्यांनी एकही बाजार चुकवला नाही.

का, ते मी गोष्टीत सांगत नसे. आता सांगतो, कारण ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

माझी वैनी, थोरल्या भावाची बायको, नांदुऱ्याच्या बाजारात भाजी विकते. तेव्हाच तिला वीस वर्षं झाली होती, एकच जागा, एकच गोणपाट, ठरलेली गिऱ्हाईकं. भाऊ लवकर गेला, त्यानंतर तिनं त्या गोणपाटावर दोन मुलींची शिक्षणं केली. त्या आषाढात मी सासुरवाडीला, वरवट बकालला गेलो होतो. तिथून पुढं डोंगराच्या पायथ्याला पाऊस पडला की मुसळीची भाजी उगवते. कांद्याच्या पातीसारखी लांब पानं, बेसन पेरून परतली की शहरातले लोकही बोटं चाटतात. मी म्हटलं, वैनीला नेऊ. विळा घेतला आणि तास-दीड तासात पोतं भरलं. वैनीनं रात्रीतून जुड्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजारात दुपारच्या आत सगळ्या खपल्या. चार-पाच जुड्या तेवढ्या उरल्या.

संध्याकाळी दोन घरांतली माणसं उलट्यांनी बेजार झाली. दोन्ही घरांत तीच भाजी शिजली होती. एका घरातल्या म्हातारीची नाडी इतकी मंद झाली की तिला दवाखान्यात दोन दिवस ठेवावं लागलं. माणसं वाचली, पण बाजारात बातमी पसरली. पोलीस आले, उरलेल्या जुड्या पिशवीत घालून घेऊन गेले, वैनीचा जबाब घेतला. पुढच्या बाजारी वैनी मेथी-कोथिंबीर घेऊन बसली तेव्हा वीस वर्षांची गिऱ्हाईकं तिच्यासमोरून मान वळवून गेली. शेजारच्या बायांनी आपापली गोणपाटं हातभर सरकवून घेतली. वैनी घरी येऊन मला म्हणाली, "भाऊजी, माह्या हातून काही भलतं बांधल्या गेलं काय? कंदिलाच्या उजेडात बांधल्या मी जुड्या. लाईन नव्हती."

मी म्हणालो, "वैनी, भाजी मी तोडली हाय. माह्या हातची भाजी चुकत नाही. त्यायच्या घरचं तेल खराब असन."

आणि पोलिसांनी ती पिशवी कुठं पाठवावी? आमच्याच डिपार्टमेंटला. वनस्पतितज्ज्ञाचा अभिप्राय पाहिजे म्हणून. चौकशीचं काम ज्याच्याकडे होतं तो साहेब म्हणाला, मास्तरनं लिहून दिलं की ही भाजी खायचीच आहे, तर प्रकरण इथंच मिटलं. नाहीतर बाईवर गुन्हा. मला देव पावल्यासारखं वाटलं. एका ओळीचं तर काम होतं.

मी सरांच्या टेबलासमोर उभा राहिलो. पानं जराशी सुकली होती, मी ती टीपकागदावर पसरून दिली.

"सर, माह्या वैनीचं हाय हे. फक्त लिहून द्या, मुसळीची भाजी म्हणून."

"वर्णन झाल्याशिवाय नाव नाही," सर म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावलं.

पहिला तास मी काचा धुण्यात काढला. दुसऱ्या तासाला ते अजून तिसऱ्या जुडीवर होते. एकेक पान मुळाशी फाकवत होते आणि दोन ढीग करत होते. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण आठवतं तेवढं पुरे आहे. मी म्हणालो की तुम्ही बर्फातल्या फुलाच्या पानावर वह्या भरल्या, पण रोजच्या ताटातली भाजी तुम्हाला ओळखता येत नाही. एका बाईचं पोट तुमच्या या चाळ्यांपायी जाऊन राह्यलं. मी हे पान डोळे झाकून ओळखतो.

सरांनी भिंग खाली ठेवलं. "ही भाजी कुठून आणली?"

"वरवट बकालच्या पुढून, डोंगराच्या पायथ्यापासून."

"कोणी तोडली?"

"म्या."

"सगळी तुम्हीच?"

"सगळी. तोडताना दुसऱ्या कोन्या माणसाचा हात लागला नाही तिले." मी छाती काढून सांगितलं.

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. पानाकडे बघत तसे. मग त्यांनी कागद काढले, मजकूर तयार केला आणि माझ्यापुढे सरकवला. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे डिपार्टमेंटची पक्की प्रत मीच काढत असे. मी लिहायला बसलो. पहिल्या प्रकारची पानं: पट्टाकृती, काठ लहरी, मध्यशिरेवर पन्हळीसारखी वळलेली, मुळाशी कवगुंडी. बरोबर, मी मनात म्हटलं, ही मुसळी. दुसरा कागद घेतला. दुसऱ्या प्रकारची पानं: रेषाकृती, काठ सरळ, पन्हळ नाही, मुळाशी सपाटजोड.

माझा हात थांबला. त्या डोंगरउतारावर मुसळीच्या शेजारीच रानकांदा उगवतो. डुकरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. पानं कोवळी असताना दोन्ही सारखीच दिसतात. उपटलं असतं तर खालचा कांदा हातात आला असता आणि कळलं असतं. मी उपटलं नव्हतं. पाऊस होता, घाई होती, मूठ धरून विळा फिरवत गेलो होतो. मूळ बघायची मला गरज काय? मी माळ्याच्या घरातला.

"पुढे लिहा," सर म्हणाले.

मी लिहिलं. दोन पानं भरली. शेवटी नावाचा रकाना आला. माणूस नियमाचा इतका पक्का की वर्णन संपलं की तो नाव घालणारच. मी पेन धरून बसलो. सरांनी कागद माझ्या हातातून घेतला, खाली सही केली आणि पाकिटात घातला. नावाचा रकाना तसाच रिकामा राहिला.

साहेबानं अहवाल वाचला तेव्हा मी समोर होतो. "सपाटजोड. कवगुंडी. याचं मराठी कोन सांगन बे?"

"हे मराठीच हाय, साहेब," शिपाई म्हणाला.

"अन् भाजी कोन्ती, ते?"

"ते नाही लिहिलं."

साहेबानं कपाळाला हात लावला. माणसं दवाखान्यातून धडधाकट घरी आली होती, तक्रार ओढत न्यायला कोणाला वेळ नव्हता आणि तज्ज्ञाच्या अभिप्रायातून निष्कर्ष निघत नव्हता. कागद फायलीत गेले आणि फाईल बंद झाली. महिनाभरानं वैनीच्या गोणपाटापुढे पुन्हा गिऱ्हाईक थांबायला लागलं. पण रानभाजीला तिनं त्यानंतर हात लावला नाही. आपल्याच नजरेनं दगा दिला अशी तिची खात्री झाली होती. मेथी निवडतानासुद्धा एकेक काडी उजेडाकडे धरून बघायची. मी ते बघत होतो आणि काही बोललो नाही.

बोललो ते सगळं सरांबद्दल बोललो. दोन पानांच्या अहवालाचा किस्सा कॉलेजात मीच पसरवला. दोन पानं लिहिली आणि भाजीचं नाव नाही, आख्खी स्टाफरूम लोटपोट. मी मनाला असं बजावलं होतं की म्हाताऱ्याला काही कळलंच नाही, त्याला रानकांदा ठाऊकच नसणार, नुसतं आपलं फाकवायचं आणि लिहायचं. ज्या माणसाला पालक ओळखता येत नाही त्याला काय कळणार? आणि जितकं हे बजावलं तितका किस्सा रंगवून सांगितला. त्यांच्या निरोपसमारंभात तर मी माइकवर उभा राहून सांगितला, सगळ्यांसमोर, ते हार घालून बसलेले असताना. ते हसले. इतरांपेक्षा थोडे उशिरा, पण हसले.

समारंभानंतर त्यांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या. "खालचा खण सावकाशीनं आवरा," एवढंच म्हणाले. मी आवरला नाही. ते मुलीकडे पुण्याला गेले आणि खणावर धूळ बसली.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या ग्रुपवर ते गेल्याचा मेसेज आला. हात जोडल्याची चित्रं पडली, आणि त्याच्या खाली कोणीतरी लिहिलं, ‘शेवटपर्यंत नाव नाही सांगितलं’, पुढे हसणारा चेहरा. माझाच किस्सा, फिरून माझ्याकडे आला होता. त्याच आठवड्यात सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमनी कपाट रिकामं करायला सांगितलं.

खालच्या खणात ती परीक्षानळी होती, नखाएवढं टोक पांढरं पडलेलं. त्याखाली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन जाड कागद. एकावर मुसळीचं पान दाबून चिकटवलेलं, मुळाकडचा भाग नीट फाकवलेला. दुसऱ्यावर दुसरं. दुसऱ्या कागदाची चिठ्ठी मी वाचली. वर्णन, माझ्या हातानं उतरवलेलं तेच. नाव: रानकांदा. विषारी. ठिकाण: वरवट बकालच्या पुढे, डोंगराचा पायथा. माती: मुरमाड. तारीख. आणि संग्राहक या रकान्यात काही नाही.

माती न लिहिल्याबद्दल ज्यानं मला दुपारच्या उन्हात पिंपळगावला पिटाळलं होतं, त्या माणसाच्या कपाटातली ही एकच चिठ्ठी अपुरी होती. आणि त्याला सगळं कळलं होतं, पहिल्या दिवसापासून. म्हणून तो उरलेला पावसाळा बाजारात उकिडवा बसून जुड्या फाकवत होता, तेच विष आणखी कोणाच्या पाटीत आलंय का ते बघायला. मी त्याच्यावर पाणी पडल्याची गोष्ट धोतर घालून सांगत होतो. मला तिथं प्रयोगशाळेत उभ्या उभ्या स्वतःची किळस आली.

मी पेन काढलं. त्यांच्या पद्धतीनं, आडनाव आधी, काळ्या शाईत, रकाना भरला. कागद मॅडमना दिले आणि म्हटलं, हे फेकू नका.

मग बाजारात गेलो. वैनी मेथीच्या जुड्या बांधत होती. मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. पाऊस, विळा, मूठ, मूळ न बघणं, दोन पानांचा अहवाल, रिकामा रकाना. तिची नजर चुकली नव्हती, माझी चुकली होती, हेही सांगितलं. तिनं हातातली जुडी पूर्ण बांधली, वर पाणी शिंपडलं आणि गोणपाटावर ठेवली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"त्या मास्तरले मालूम होतं?" तिनं विचारलं.

"हाव."

"अन् थे कोनाले बोलले नाही?"

"नाही."

तिनं पुढच्या जुडीसाठी मेथी ओढून घेतली. "मंग इतके वर्सं तुमी त्याइले हासत काऊन होते, भाऊजी?"

मी मेथीची एक जुडी घेतली आणि मुळाकडून फाकवून बघायला लागलो.